उभे गावितसर

गावितसरांना जमिनीवर बसलेलं मी एकदा पाहिलं आणि खुर्चीत बसलेलं एकदा. बाकी माझ्या आठवणीतले सगळे गावितसर उभे आहेत. खिडकीला टेकून, दाराच्या चौकटीत, फळ्यापाशी, बशीतून चहा पीत येरझारा घालताना. ते गेल्याची बातमी त्यांच्या पुतण्याने लायब्ररीत येऊन सांगितली, तेव्हा मी त्याला आधी खुर्ची दिली. तो बसला नाही. "काका गेले. तापाचं निमित्त झालं," म्हणाला आणि टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत उभाच राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं की सर गेले.

आमची शाळा गंगेच्या अलीकडे होती. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगायचं तर गोदावरीच्या; आम्ही तिला गंगाच म्हणतो. मी तिथे ग्रंथपाल होतो. गावितसर इंग्रजी शिकवत. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या करंजपाड्याचे ते. आश्रमशाळा, मग नाशिकचं बोर्डिंग, मग बी.ए., बी.एड. असं करत आमच्या शाळेत आलेले. अंगाने किडकिडीत, गालांवर देवीचे पुसट वण, पायांत जाड टायरच्या चपला. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "काय लायब्ररी?" अशी त्यांची हाक.

शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या नावाची खुर्ची होती. तिच्यावर इतरांचे डबे, छत्र्या आणि तपासायच्या वह्या बसत. एकदा शाळा तपासणीला साहेब आले. गावितसरांचा तास पाहता पाहता ते म्हणाले, "बसा ना तुम्ही." सर म्हणाले, "मी बसलो की पोरं उभी राहतात, साहेब. मी उभा असलो की बसून राहतात." पोरं हसली, साहेबही हसले. मुख्याध्यापक तेवढे हसले नाहीत.

त्यांचा दुसरा खाक्या म्हणजे "पुढे?" पोराने बरोबर उत्तर दिलं तरी "पुढे?" चुकलं तरी "पुढे?" धडा संपला, घंटा झाली, तरी दारातून वळून, "मग तो माणूस घरी गेला. पुढे?" पुस्तकात पुढे काही नसायचं. पोरं गोंधळायची. काही घरी जाऊन विचार करायची, पुष्कळशी विसरायची. गणिताच्या बाई त्यांना तोंडावर चिडवत, "गावितसर, तुमच्या लग्नाचं पुढे?" ते म्हणत, "तिथं अजून मागचंच चाललंय, बाई." लग्न त्यांनी केलं नाही.

डब्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी असे. खेळाचे सर एकदा म्हणाले, "गावित, भाकरी करपली की काय? काळी दिसते." सर म्हणाले, "तुमची उन्हात वाळत टाकलेली दिसते. रंग उडालाय." आणि अर्धी भाकरी तोडून त्यांच्या डब्यात ठेवली. खेळाच्या सरांनी ती खाल्ली. पुढे ते दर सोमवारी मागून खात, कारण रविवारी कोणी ना कोणी गावाहून ताजं पीठ घेऊन आलेलं असे.

त्या काळी नाशकात एका टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपट लागत. प्रेक्षक म्हणजे कॉलेजची मुलं, देवळालीच्या छावणीतले जवान, आणि आमच्यासारखे दोन-चार मास्तर. घोडेस्वार आणि अपाची या अमेरिकेतल्या आदिवासींचा एक जुना चित्रपट तिथे वरचेवर फिरून येई. तांबडं वाळवंट, माथे सपाट कापल्यासारखे डोंगर, निळ्या डगल्यांचं अमेरिकी घोडदळ आणि घोड्यांवर उघड्या अंगाने स्वार झालेले अपाची. तो लागला की शनिवारी सर लायब्ररीत डोकावत. "लायब्ररी, उद्या घोडे आलेत."

आम्ही जायचो. मी खुर्चीत. सर बाहेर जायच्या दाराच्या पडद्याला टेकून उभे. डोअरकीपर सुरुवातीला कटकट करायचा. "मास्तर, तिकीट घेतलंय तर बसा की राव!" नंतर नंतर तो स्वतःच त्यांच्या शेजारी उभा राहून पाहू लागला.

एकदा चित्रपट सुटल्यावर आम्ही गंगेवरून चालत निघालो. उन्हाळा होता, पात्रात धुणी वाळत होती. मी विचारलं, "सर, त्याच चित्रपटात इतकं काय पाहता?"

चालता चालता ते म्हणाले, "बोर्डिंगात होतो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बिगूल वाजतं, घोडदळ टेकडीवरून उतरतं, ते आहे ना? तिथं अख्खं थेटर शिट्ट्या मारतं. मीही मारली. दोन बोटं तोंडात घालून. जोरात." त्यांनी बोटं तोंडाजवळ नेली आणि परत खिशात घातली. "सुट्टीत घरी गेलो. बापाबरोबर डोंगरावर लाकडं आणायला चढलो. उन्हाळ्यात आमचे डोंगर पाहिलेत का तुम्ही? तसेच दिसतात. सपाट माथ्याचे. वर उभा राहिलो, खाली पाडा दिसत होता. आणि मला एकदम ती शिट्टी ऐकू आली. माझीच. मी कोणासाठी वाजवली होती?"

"पण मी त्यासाठी नाही जात," ते म्हणाले. "तो वाटाड्या आहे ना, त्याच्यासाठी जातो."

चित्रपटात फौजेबरोबर एक अपाची वाटाड्या आहे. वर फौजेचा डगला, डोक्याला त्यांचीच टोपी, पायांत मात्र स्वतःच्या लोकांची चामडी पादत्राणं. फौजेला पाणी कुठे ते तो दाखवतो. आणि तंबूतल्या तहाच्या प्रसंगात कर्नल आणि अपाचींच्या म्हाताऱ्या नाईकाच्या मधे उभा राहून याचं त्याला, त्याचं याला सांगतो. कर्नल म्हणतो, तुम्हाला दुसरी जमीन मिळेल, इथल्यापेक्षा चांगली. वाटाड्या ते सांगतो आणि सांगून झाल्यावर खाली पाहतो. पुढे तह मोडतो, लढाई होते. शेवटी फौज परत जाताना त्याचा ठिपक्यांचा घोडा क्षणभर दिसतो. खोगीर रिकामं. तो दिसत नाही.

"मेला असेल," मी म्हणालो.

"मेलेला दाखवत नाहीत. इतके मेलेले दाखवतात, त्याला काय चोरी? पळाला म्हणावं, तर घोडा टाकून कसा पळेल?" ते थांबले. नदीकडे पाहत मलाच विचारल्यासारखं म्हणाले, "पुढे?"

हे सगळं गमतीत गेलं असतं. पण आणीबाणीच्या दिवसांत करंजपाड्याच्या नाल्यावर धरण बांधायचं ठरलं. पाडा आणि त्याखालची भातखाचरं पाण्यात जाणार होती. धरणाच्या कामावरचे एक साहेब आमच्या मुख्याध्यापकांच्या ओळखीचे होते. ते शाळेत आले. मीही त्या खोलीत होतो, कारण चहाबरोबर त्यांना तालुक्याचा जुना नकाशा हवा होता आणि तो लायब्ररीत होता.

साहेब माणूस वाईट नव्हता. घाम पुसत म्हणाला, "सभेला लोक येतच नाहीत. आले तर तोंड उघडत नाहीत. आमची भाषा त्यांना परकी, त्यांची आम्हाला. तुम्ही त्यांच्यातलेच, शिकलेले. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

मुख्याध्यापक म्हणाले, "सरकारचं काम आहे, गावित. दिवस कसले आहेत ते तुम्हाला सांगायला नको."

सर खिडकीशी उभे होते. "जमिनीला जमीन देणार का?" त्यांनी विचारलं.

"देणार. वर तसं ठरलंय."

"कुठली?"

"ते अजून ठरायचंय."

सर खिडकीपासून दारापर्यंत गेले, परत आले. "येतो," म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "सर, नाही म्हणायचंत." ते म्हणाले, "नाही म्हटलं तर दुसरा कोणी जाईल. त्याला आमची भाषा अर्धीमुर्धी येत असेल. मधे मी असलो तर निदान खोटं काही इकडून तिकडे जाणार नाही." त्यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. दोन्ही बाजूंना कळणारा एक प्रामाणिक माणूस मधे उभा राहिला की पुरे, असं त्यांना वाटत होतं. मलाही त्यात चुकीचं काही दिसलं नाही.

लोक जमावेत म्हणून सभेआधी चित्रपट दाखवायची पद्धत होती. प्रसिद्धीची गाडी येई, जनरेटर लावी, दोन झाडांना पांढरा पडदा बांधला जाई. पण त्या गाडीत बियाण्यांची आणि कुटुंबनियोजनाची तीच रिळं. पाड्यातल्या शेळ्यांनासुद्धा ती पाठ झाली असतील, असं सर म्हणत. त्याच सुमारास आमच्या शाळेच्या चित्रपट मंडळासाठी मुंबईहून भाड्याने घोड्यांचा तोच चित्रपट आला होता. निवड अर्थातच सरांची. रिळं माझ्या कपाटात होती. सरांनी साहेबांना विचारलं, "हा चालेल?"

"मारामारी आहे ना?"

"आहे."

"मग चालेल."

मी रिळांबरोबर गेलो. भात झोडून झालं होतं, खळं रिकामं होतं. दिवस मावळताच लोक आले. आसपासच्या पाड्यांवरूनही आले. पुढे जागा उरली नाही तेव्हा उरलेले पडद्याच्या मागे बसले, त्यांच्यात मीही. तिकडून चित्र उलटं दिसतं, पण दिसतं. पुढच्यांना घोडदळ उजवीकडून येताना दिसत होतं, आम्हाला डावीकडून.

सर पडद्याच्या कडेला उभे राहून त्यांच्या बोलीत गोष्ट सांगत होते. मला चार शब्दांतला एक कळत होता, पण लोक हसत कुठे आणि गप्प होत कुठे ते कळत होतं. कर्नलच्या टोपीला हसले. एक अपाची घोड्याच्या पोटाखालून बाण मारतो तिथे म्हातारेकोतारेही ओरडले. बिगूल वाजलं, घोडदळ उतरलं. एकही शिट्टी वाजली नाही. माझ्या शेजारच्या बाईने मांडीवरचं पोर पदराखाली घेतलं.

मग तंबूचा प्रसंग आला. वाटाड्याचे ओठ हलत होते आणि आवाज गावितसरांचा येत होता. त्याच्या तोंडी त्यांची बोली इतकी बरोबर बसली की मला तो मूळचा तसाच बोलत असावासं वाटलं. तो खाली पाहतो तिथे सरही बोलायचे थांबले.

चित्रपट संपला. गाडीवरचा दिवा लागला. साहेब पडद्यापुढे येऊन उभे राहिले, हातात कर्णा. शेजारी गावितसर. मी पुढच्या बाजूला आलो होतो. साहेब म्हणाले, "सरकार तुम्हाला जमिनीला जमीन देणार आहे. इथल्यापेक्षा चांगली."

मला वाटतं हे वाक्य कानावर पडल्यावरच सरांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी साहेबांकडून कर्णा घेऊन ते त्यांच्या बोलीत सांगितलं. सांगून झाल्यावर खाली पाहिलं.

मग पुढच्या रांगेतून एक म्हातारी बोलली. सरांची आत्या. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलेलं. तिने सरांना काहीतरी विचारलं, अगदी सहज, उरलेली भाकर कुठे ठेवली असं विचारावं तसं. लोक सरांकडे पाहू लागले.

"काय म्हणतात त्या?" साहेबांनी विचारलं.

सर आत्याकडेच पाहत होते.

"अहो, काय म्हणतात?"

तिने काय विचारलं ते सरांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं. ती म्हणाली होती, तो टोपीवाला आपला माणूस, मधे उभा राहून बोलत होता, त्याचं पुढे काय झालं ते तू सांगितलं नाहीस. त्याला कुठली जमीन दिली?

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला गोष्टीतलं राहिलेलं खरंच ऐकायचं होतं. सर कर्णा हातात घेऊन उभे होते. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांना पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता आणि सगळं गाव उत्तराची वाट पाहत होतं. त्यांनी कर्णा साहेबांच्या हातात दिला. गर्दीत शिरले. आत्या जरा सरकली, हाताने जमीन झाडली. "अठ बस, पोसा," म्हणाली. इथं बस, पोरा. एवढं मलाही कळलं.

ते बसले.

"गावित, हे काय? सांगा ना त्यांना!" साहेब म्हणाले.

सर खालूनच मराठीत म्हणाले, "साहेब, आता मला सांगा. मी ऐकतोय."

साहेबांनी मग कागद काढून वाचला. संपादन, पुनर्वसन, लाभक्षेत्र. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, कोणी अंगठा दिला नाही, आणि एकेक करून उठून गेले. आत्याने आम्हाला जेवायला थांबवलं. साहेबांनाही थांबवलं. तेही जेवले. खाली मान घालून नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं खाताना मधेच म्हणाले, "मी काय करू, मलाही वरून सांगतात." सर म्हणाले, "ते ठाऊक आहे मला. म्हणून तर बाजूला झालो तिथून."

ही गोष्ट मी इथे संपवली तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. सरांना ते चाललं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात साहेब पुन्हा करंजपाड्याला गेले. बरोबर तालुक्याच्या गावचा एक ठेकेदाराचा माणूस होता. त्याला बोली येत होती, म्हणजे बाजारात लागते तेवढी. त्याने काय सांगितलं आणि लोकांनी काय ऐकलं, देव जाणे. अंगठे उठले. धरण झालं. जमीन मिळाली ती वरच्या माळावर, जिथे नांगर घातला की दगडावर खडखडतो. निम्मी माणसं द्राक्षांच्या बागांवर आणि नाशिकजवळ अंबडच्या कारखान्यांच्या बांधकामांवर मजुरीला आली.

सर तेव्हापासून अधिकच थांबेनासे झाले. आमचे रविवार सकाळचे चित्रपट बंद झाले. शनिवारची शाळा सुटली की सुरगाण्याची एस.टी. किंवा जीप, नाहीतर अंबड. बांधकामावर गावची माणसं विटा वाहत असत, हे बाजूला उभे राहून त्यांच्याशी बोलत. मुकादम हटकायचा, "ओ मास्तर, कामात खोटी करू नका!" मग हेही दोन विटा उचलून चालत चालत बोलत. सोमवारी हात सोललेले असत. खडू नीट धरता येत नसे.

एकदा लायब्ररीत, पुस्तकांच्या दोन मांडण्यांच्या मधे फेऱ्या घालत मला म्हणाले, "मी उभाच राहिलो असतो तर? त्या दिवशी जागचा हललो नसतो, नेटाने बोललो असतो, दहा वेळा विचारलं असतं, कुठली जमीन, दाखवा, पाणी कुठंय दाखवा. मला ते विचारता आलं असतं, लायब्ररी. त्या दुसऱ्याने विचारलं नाही. मी आत्याजवळ जाऊन बसलो आणि माझं मन हलकं झालं. त्यांना काय मिळालं?"

"तुम्ही बोलला असतात तरी धरण झालंच असतं," मी म्हणालो.

"धरण झालंच असतं. पण जमीन?"

पुढे ते कितीतरी वर्षं कचेऱ्यांत ते विचारत राहिले. साहेब लोक "बसा" म्हणत, हे बसत नसत, म्हणून त्यांना लवकर आटपून बाहेर काढलं जाई. करंजपाड्यातल्या काही घरांना शेवटी कालव्याजवळचे तुकडे बदलून मिळाले. सरांच्या खटपटीने की निवडणुका आल्या म्हणून, मला सांगता येणार नाही. आत्या माळावर गेलीच नाही. धरणाच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या सोंडेवर तिने कुडाची खोपी बांधली आणि तिथेच राहिली.

ती थकली तेव्हा सरांनी वेळेआधीच नोकरी सोडली. निरोपाच्या समारंभात त्यांना खुर्चीत बसवायचं म्हणून पोरांनी तिला हार गुंडाळला होता. सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि भाषणाच्या शेवटी, अर्थात, "पुढे?" म्हणाले. पोरं टाळ्या वाजवत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. घोडे परत आले होते. घरोघर टी.व्ही. झाले होते, टॉकीजमध्ये कुत्रं नव्हतं. डोअरकीपर नवा होता. मी बसलो. सर दारापाशी गेले, जरा थांबले आणि परत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तर उठतील असं वाटलं.

प्रत फार झिजली होती. पडद्यावर सतत पाऊस पडत होता, माणसं उड्या मारत होती. बिगूल वाजलं, रिकाम्या थेटरात कोणी शिट्टी मारली नाही. तंबूचा प्रसंग निम्मा तुटलेला होता. वाटाड्या तोंड उघडतो आणि थेट लढाई. शेवटी फौज परत निघाली. मी ठिपक्यांच्या घोड्याची वाट पाहत होतो. तो तुकडाही गेला होता. रिकामं खोगीरही दिसलं नाही.

दिवे लागले. सर बसूनच होते.

"घोडाही नाही आता," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले. "घोडा घेऊनच गेला असेल."

मी त्यांच्याबरोबर सीबीएसच्या एस.टी. स्टँडवर गेलो. त्यांची ट्रंक आणि वळकटी टपावर चढवली. वणीवरून सुरगाण्याला जाणारी गाडी अर्धी रिकामी होती. सर आत गेले आणि मागच्या दाराजवळ वरचा दांडा धरून उभे राहिले. मी खिडकीखाली उभा होतो. शेवटी मी म्हणालो, "सर, पुढे?"

ते हसले. इतक्या वर्षांत माझ्याकडून हे यायला हवं होतं, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "पुढे आत्या आहे," म्हणाले. "मग बघू."

कंडक्टर तिकिटांची पेटी बडवत मागे आला. "मास्तर, जागा आहे की भरपूर. बसून घ्या. लांबचा पल्ला आहे."

"पोचल्यावर बसतो," सर म्हणाले.

कंडक्टरने दोरी दोनदा ओढली. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून रिकाम्या सीटा दिसल्या, आणि त्यांच्या वर दांड्याला धरलेला त्यांचा हात.